वेश्याव्यवसायाला पीयूसी लावून चालेल का?

गणपतीत आमच्याकडे सगळं खानदान जमतं. यंदा दगडूशेठचं दर्शन घेऊन परत येताना गर्दी टाळायच्या नादात मंडळी बुधवार पेठेतल्या नको त्या गल्लीत शिरली, कुठली ते पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, वेश्यावस्तीची, आणि मग एकदम सगळ्यांना मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आठवलं, माना खाली घालून भराभरा बाहेर पडले. घरी आल्यावर विषय निघालाच. बेल्जियममध्ये १ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, तिथे वेश्याव्यवसायातल्या बायकांना कामाचा करार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, पेन्शन असं सगळं मिळू शकतं, ही बातमी कधीतरी फॅमिली ग्रुपवर फिरून गेली होती. त्यावरून आमचे धाकटे भाऊजी म्हणाले, "सोप्पंय हो. आपल्याकडेपण लीगल करायचं, लायसन द्यायचं, दर महिन्याला सरकारी टेस्ट. पास तर धंदा, नापास तर घरी. गाडीच्या पीयूसीसारखं. काय वहिनी, तुम्ही लॅबवाल्या, बरोबर ना?"

मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. तेव्हा "आधी आरती करा" म्हणून सुटले. पण पीयूसीची उपमा डोक्यातनं जाईना, कारण उपमा खरंच भारी आहे, फक्त ती भाऊजींच्या विरुद्ध जाते. कशी ते सांगते, पण आधी थोडं बेसिक.

आपल्याकडे हे बेकायदेशीर आहे का?

निम्म्या लोकांना वाटतं हो, निम्म्यांना वाटतं नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. १९५६ चा कायदा आहे, पेपरमध्ये त्याला 'पिटा' म्हणतात. त्यात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण कुंटणखाना चालवणं गुन्हा, त्यासाठी जागा भाड्याने देणं गुन्हा, तिच्या कमाईवर जगणं गुन्हा, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा, आणि देऊळ, शाळा, हॉस्पिटल अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवहार करणं गुन्हा. आता पुण्याच्या पेठेत देवळापासून दोनशे मीटर लांब अशी जागा कोणी दाखवावी, मी वडापाव देईन. म्हणजे स्वयंपाक करायला परवानगी आहे पण चूल, भांडी, घर आणि भूक लागल्याचं सांगणं यावर बंदी आहे, असलं काहीतरी.

एक निकालही माहिती असू द्या. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधला सन्मानाने जगण्याचा हक्क या बायकांनाही आहे. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती जी बातम्यांमध्ये कमी आली, ती म्हणजे काँडम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नका. हे कोर्टाला मुद्दाम सांगावं लागलं यावरनंच समजा.

दोन लांबलचक शब्द, एकदाच

लीगलायझेशन म्हणजे सरकार म्हणतं, धंदा करा पण आमच्या नियमाने, परवाना घ्या, नोंदणी करा, तपासणी करा, आणि जो हे करणार नाही तो गुन्हेगारच. डिक्रिमिनलायझेशन म्हणजे या कामासाठीचे खास गुन्हे पुस्तकातनं काढून टाकायचे आणि मग बाकीच्या कामधंद्यांना जे कायदे लागतात तेच इथे लावायचे. पुढे मी पहिल्याला 'परवाना पद्धत' आणि दुसऱ्याला 'गुन्हा काढणं' म्हणणार, बोटं दुखतात टाईप करून.

भाऊजींच्या डोक्यात होती ती परवाना पद्धत, आणि त्यातला आरोग्याचा भाग म्हणजे बाईची सक्तीची टेस्ट.

पीयूसी म्हणजे काय असतं?

तुम्ही पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनपाशी गाडी लावता, तो सायलेन्सरमध्ये नळी घालतो, फोटो काढतो, कागद देतो. तो कागद त्या मिनिटापुरता खरा असतो. पंधरा दिवसांनी गाडी धूर ओकत स्वारगेटवरनं गेली तरी कागदावर ती स्वच्छच.

रक्ताचा रिपोर्ट तर त्याहून वाईट, कारण तो त्या मिनिटापुरताही पूर्ण खरा नसतो. याला कारण आहे विंडो पिरियड. जंतू शरीरात शिरला आणि टेस्टमध्ये दिसायला लागला यामधला जो काळ, तो विंडो पिरियड. एचआयव्हीच्या साध्या रॅपिड टेस्टमध्ये आपण व्हायरस शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीज शोधतो, आणि त्या दिसण्याइतक्या तयार व्हायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. म्हणजे दरोडा पडलाय पण पोलीस अजून पोचले नाहीयेत, आणि आपण पोलीस दिसत नाहीत म्हणून दरोडाच पडला नाही असं लिहून देतोय. सिफिलिस या गुप्तरोगात पहिला फोड यायलाच दहा ते नव्वद दिवस लागतात. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे गुप्तरोग तर बायकांमध्ये बऱ्याचदा काही लक्षणच दाखवत नाहीत, आणि ते नीट शोधायला पीसीआरवाली महागडी टेस्ट लागते, जी आपल्याकडे सरसकट होत नाही.

आता हिशोब करून बघा. समजा एका बाईकडे दिवसाला पाच गिऱ्हाइकं येतात आणि महिन्यात ती पंचवीस दिवस काम करते. म्हणजे दोन टेस्टच्या मध्ये सव्वाशे पुरुष. १ तारखेला तिला कोणाकडून तरी लागण झाली, १० तारखेला सरकारी टेस्ट झाली, रिपोर्ट निगेटिव्ह, कार्डावर शिक्का. पुढचा पूर्ण महिना ती शिक्क्यानिशी 'स्वच्छ' आहे, आणि नेमका लागण नवी असतानाच शरीरात व्हायरस सगळ्यात जास्त असतो.

मग त्या कार्डाने नक्की काय होतं? गिऱ्हाईक म्हणतो, "कार्ड आहे ना तुझ्याकडे, मग काँडम कशाला?" इथे माझ्या मते भाऊजींचा सगळा प्लॅन आडवा पडतो. जी एक वस्तू खरोखर काम करते, तीच वस्तू कार्डामुळे बाजूला पडते.

हे मी नाही म्हणत फक्त. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहून ठेवलंय की मेडिकल तपासणी झालीये म्हणजे बाईला लागण नाही, असं सांगणं किंवा सुचवणंसुद्धा चालणार नाही. म्हणजे पीयूसी दाखवून गिऱ्हाईक ओढणं हाच तिथे गुन्हा.

"हॉटेलवाल्याची तपासणी होते ना, मग इथे का नको?"

हा प्रश्न चांगला आहे. हॉटेलात आचाऱ्याला टायफॉइड असेल तर तो आपल्याला होतो, म्हणून आचाऱ्याला तपासतात. आपल्यामुळे आचाऱ्याला टायफॉइड होत नाही. रोग एकाच दिशेने जातो.

इथे रोग दोन्हीकडे जातो, आणि खरं तर पुरुषाकडून बाईकडे जास्त सहज जातो, शरीराची रचनाच तशी आहे. म्हणजे हे असं झालं की आचारी महिन्याला सव्वाशे लोकांच्या उष्ट्या ताटातलं खातोय आणि आपण महिन्यातनं एकदा आचाऱ्याची टेस्ट करून म्हणतोय बघा किती काळजी घेतो आम्ही गिऱ्हाइकांची. आचाऱ्याची काळजी कोणाला आहे?

आणि पुरुष मग तो जंतू घेऊन जातो कुठे? घरी. पुण्यातलीच गोष्ट सांगते. भोसरीला 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, १९९२ मध्ये सुरू झाली, आता तिचं नाव बदललंय. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९९७ साली छापून आला (हो, तेच गंगाखेडकर, कोविडमध्ये टीव्हीवर दिसायचे ते). पुण्यातल्या गुप्तरोगाच्या क्लिनिकमध्ये आलेल्या बायकांना तपासलं होतं. धंदा करणाऱ्या बायकांमध्ये जवळपास निम्म्यांना एचआयव्ही सापडला, ते त्या काळात अपेक्षितच होतं. पण ज्या धंद्यात नव्हत्या, म्हणजे मुख्यतः लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध नसलेल्या बायका, त्यांच्यात १३.६ टक्के निघाला. या बायका गुप्तरोगाचा त्रास होतोय म्हणून आलेल्या, त्यामुळे सगळ्या पुण्यातल्या गृहिणींचा हा आकडा नाही हे लक्षात ठेवा. तरी त्यांनी कोणतं कार्ड कोणाकडे मागायला हवं होतं, विचार करा.

हे मी जेवणानंतर भाऊजींना सांगितलं. म्हटलं, मग गिऱ्हाइकालाच कार्ड ठेवू, जिन्याखाली टेबल टाकायचं, आधार कार्ड, रक्ताचा रिपोर्ट दाखवा आणि वर जा. ते एवढे हसले की सुपारी घशात अडकली. पण हसू का आलं, यावर मात्र गप्प.

हा प्रयोग आपल्याच कॅम्पात होऊन गेलाय

लोकांना वाटतं सरकारी तपासणी ही काहीतरी मॉडर्न आयडिया आहे. दीडशे वर्षं जुनी आहे. इंग्रजांच्या पलटणीत गुप्तरोगाने सैनिक आजारी पडायचे, आणि लढायला माणूस कमी पडतो ही सरकारची काळजी. म्हणून १८६४ चा कँटोन्मेंट कायदा आला, आणि मग १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा. पुणे आणि खडकी ही तर मोठी लष्करी ठाणी. पलटणीच्या बाजारात सैनिकांसाठी ज्या बायका असायच्या त्यांची नोंद करायची, तिकीट द्यायचं, ठरावीक दिवसांनी डॉक्टर तपासणार, आजारी निघाली तर लॉक हॉस्पिटलमध्ये टाकायची, बरी होईपर्यंत बाहेर सोडायची नाही. लॉक हे नाव लंडनच्या एका जुन्या हॉस्पिटलवरनं आलंय, पण बायकांच्या दृष्टीने कुलूपच. बरं, उपचार काय होता? पेनिसिलिन अजून ऐंशी वर्षं लांब होतं, तेव्हा पारा द्यायचे. पारा.

आणि गोऱ्या सैनिकाची तपासणी? ती त्याच्या अब्रूला धक्का लावते म्हणून टाळलेली.

झालं काय, तर बायका पळायला लागल्या. कलकत्त्यात नोंदणी चुकवायला कितीतरी जणी फ्रेंचांच्या ताब्यातल्या चंदननगरला गेल्या, कारण तिथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. ज्यांना रोग झाल्याचा संशय होता त्या सगळ्यात आधी पळाल्या, साहजिकच आहे, पकडलं तर कोंडणार. म्हणजे नोंदवहीत राहिल्या त्या बऱ्या बायका आणि रोग गेला नोंदवहीच्या बाहेर. १८८६ मध्ये तर लष्कराचं एक परिपत्रक निघालं की पलटणीच्या बाजारात बायकांची संख्या पुरेशी ठेवा आणि त्या पुरेशा देखण्या असतील असं बघा. ते इंग्लंडात फुटलं, तिथे जोसेफिन बटलर या बाई अशा कायद्यांविरुद्ध कितीतरी वर्षं लढत होत्या, बोंबाबोंब झाली आणि १८८८ मध्ये भारतातला कायदा रद्द झाला. इंग्लंडातला त्याआधीच, १८८६ मध्ये गेला होता.

"पण परदेशात जमतंय की"

काही ठिकाणी जमतंय, खोटं कशाला बोला. अमेरिकेत नेवाडा राज्यात काही ग्रामीण जिल्ह्यांत परवानावाले कुंटणखाने आहेत. तिथे गनोरिया-क्लॅमिडियाची टेस्ट दर आठवड्याला, एचआयव्ही आणि सिफिलिसची दर महिन्याला. तिथल्या परवानावाल्या बायकांमध्ये रोग कमी आहेत हे मान्य. पण दोन गोष्टी त्यासोबत बघायच्या. १९८८ पासून तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला काँडम सक्तीचा आहे, त्यामुळे श्रेय टेस्टचं किती आणि काँडमचं किती हे वेगळं करणं अवघड. दुसरं, हे प्रकरण फार छोटं आहे, आणि जिथे खरी गर्दी असते त्या लास वेगासमध्ये हे कायदेशीर नाहीच. म्हणजे एका तालुक्याच्या सोसायटीत पार्किंग सुधारलं म्हणून लक्ष्मी रोडचं सुटलं असं म्हणण्यासारखं.

ऑस्ट्रियात बायकांची तपासणी सक्तीची आहे, आधी दर आठवड्याला होती, २०१६ पासून सहा आठवड्यांनी. सेनेगलमध्ये १९६९ पासून परवाना पद्धत आहे, बाईने नोंदणी करायची, आरोग्याचं कार्ड बाळगायचं, दर महिन्याला तपासणीला जायचं. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी बहुतेक बायका नोंदणीच करत नाहीत, कारण कार्ड घरच्यांना सापडलं तर काय.

जर्मनीचं जास्त इंटरेस्टिंग आहे. त्यांच्याकडे सक्तीची तपासणी होती, ती २००१ मध्ये काढून टाकली. २००२ मध्ये व्यवसायाला कायद्याची मान्यता दिली, मग २०१७ पासून नवा नियम आणला, त्यात नोंदणी सक्तीची, वर्षातनं निदान एकदा आरोग्याचा सल्ला घेणं सक्तीचं (टेस्ट नाही, नुसतं डॉक्टरशी बोलणं) आणि काँडम सक्तीचा, जो मोडला तर दंड गिऱ्हाइकाला. हे सगळं बरंच सौम्य आहे ना? तरी २०१९ च्या शेवटी नोंदणी होती चाळीस हजारांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात बायका किती याचे तिथले अंदाज त्याच्या कितीतरी पट. जर्मनीत, जिथे लोक कचराही चार डब्यांत घालतात, तिथे ही गत, तर आपल्याकडे काय होईल?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्नच्या, तीन महिन्यांनी टेस्टचा नियम होता. २०२२ मध्ये त्यांनी गुन्हा काढायचा कायदा केला आणि तो नियमही गेला. म्हणजे ज्यांनी करून बघितलं त्यातले बरेच जण मागे फिरतायत आणि आपण म्हणतोय चला सुरू करू.

मग आपल्याकडे एचआयव्ही कमी झाला तो कसा?

कारण कमी झालाय. नव्वदच्या दशकात मुंबईत तपासलेल्या धंदेवाल्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह सापडत होत्या. देशभरात या बायकांमधलं प्रमाण सरकारी पाहणीत २००७ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१७ मध्ये १.५६ टक्के. सक्तीची टेस्ट न करता.

याची सुरुवात १९९२ मध्ये कलकत्त्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत झाली. डॉ. स्मरजित जाना तिथे गेले होते खरे तर किती बायकांना लागण झालीये हे मोजायला. मोजलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बाईला काँडम माहिती नाही असं नाहीये, बाईला गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणता येत नाही. एका बाईने नाही म्हटलं तर तो शेजारच्या खोलीत जातो, संध्याकाळची कमाई गेली, मालकीण ओरडते. म्हणून त्यांनी तिथल्याच बायकांना कार्यकर्त्या केलं, मालकिणींना पटवलं, कर्ज देणारी सोसायटी काढली म्हणजे सावकाराच्या भीतीने कोणी वाटेल ते मान्य करणार नाही. आख्खी गल्लीच नाही म्हणाली तर गिऱ्हाईक जाणार कुठे? ९० चं दशक संपेपर्यंत तिथे काँडमचा वापर तीन टक्क्यांच्या आसपासवरून ऐंशीच्या पुढे गेला. आपल्याकडे सांगलीत संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद, पुण्यात बुधवार पेठेत सहेली संघ, या संघटनांनी त्याच वाटेने काम केलं.

आणि टेस्ट होतात हां, होत नाहीत असं नाही. सरकारी एड्स कार्यक्रमात या बायकांना दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सहा महिन्यांनी एचआयव्ही, सिफिलिसची टेस्ट करून घ्या असं सांगितलं जातं, फुकट. पण 'सांगितलं जातं' आणि 'सक्ती केली जाते' यात सगळं आलं. पॉझिटिव्ह आली तर धंदा बंद होणार, असं असेल तर कुठली शहाणी बाई येईल? पॉझिटिव्ह आली तर औषध मिळणार असेल तर येते. मीच बघितलंय. लॅबच्या एका कॅम्पला आम्ही पेठेतल्या एका वाड्यात गेलो होतो, जिना एवढा अरुंद की सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून वेगळं करायचं मशीन) वर न्यायला दोघं लागले. पहिला तासभर कोणी येईना. मग तिथलीच एक ताई सगळ्यांना म्हणाली, "नाव नको सांगू, नंबर घे," आणि लाईन लागली. त्यातल्या निम्म्या जणींना एचआयव्हीचं पडलं नव्हतं, त्यांना बीपी, हिमोग्लोबिन आणि खोकला दाखवायचा होता. खिडकी नसलेल्या खोलीत चार जणी राहतात, टीबी नाही होणार तर काय होणार. आरोग्य म्हटलं की आपल्याला या बायकांचा कमरेखालचाच भाग दिसतो, ही आपली अडचण आहे.

"म्हणजे सरकारने हात वर करायचे?"

नाही ना! माझं म्हणणं उलट आहे, नियम हवेतच. फक्त कोणावर आणि कशावर, एवढाच वाद.

थायलंडचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये रातचबुरी नावाच्या प्रांतात सुरू करून १९९१ मध्ये देशभर नेलं, शंभर टक्के काँडम कार्यक्रम. सरकारने दट्ट्या लावला तो मालकांना, की तुमच्याकडे काँडमशिवाय काम झालं तर दुकान बंद. आणि पुरुष गुप्तरोग घेऊन क्लिनिकमध्ये आला की त्याला विचारायचे कुठे गेला होतास, मग त्या जागेवर जाऊन मालकाला धरायचे. काँडमचा वापर १४ टक्क्यांवरून चार-पाच वर्षांत नव्वदच्या वर गेला. त्यात पोलिसी दांडगाई पण झाली, बायकांना तपासणीला हाकलत न्यायचे, त्यावर टीका झाली ती योग्यच होती. पण जबाबदारी मालकावर ठेवायची ही गोष्ट घेण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्येही तसंच, मालकाने सुरक्षित साधनं ठेवायची, माहिती द्यायची, आणि काँडमची कायदेशीर जबाबदारी बाई आणि गिऱ्हाईक दोघांवर. गाडी चालवणाऱ्यालाही हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. पुणेकरांना हेल्मेटसक्ती म्हटलं की अंगावर काटा येतो माहितीये, पण अपघात झाला तर पीयूसीचा कागद डोकं वाचवत नाही, हेल्मेट वाचवतं.

आता आपल्याकडे हे करायला गेलं तर पहिली अडचण कुठे येते बघा. मालकाला नियम लावायचा तर मालक कागदावर असायला हवा. पिटा कायद्यात कुंटणखानाच गुन्हा, म्हणजे सरकारदरबारी ती जागा नाहीच. जी जागा नाही तिथे पालिकेचा आरोग्य निरीक्षक पाणी येतं का, खिडकी आहे का, संडास किती बायकांमध्ये एक, हे कसं बघणार? तो जाऊच शकत नाही, जातो तो पोलीस. आणि मग १९५६ च्याच कायद्यात धाडीत सापडलेल्या बाईची गुप्तरोगासाठी तपासणी करायची तरतूद आहे. म्हणजे सक्तीची टेस्ट हवी म्हणणाऱ्यांनो, ती आत्ताही आहे, फक्त धाडीनंतर. आणि २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तो म्हणतो की माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि नोकरीसाठी टेस्टची अट घालायची नाही. तुमच्या माझ्यासाठी हा नियम आहे. बुधवार पेठेसाठी वेगळा करायचा असेल तर का, ते सांगायला लागेल.

"बाई पॉझिटिव्ह असूनही काम करत राहिली तर?"

हा प्रश्न विचारणारे चिडून विचारतात, पण त्याचं उत्तर विज्ञानाने सोपं केलंय. एचआयव्हीची औषधं नियमित घेतली आणि रक्तातला व्हायरस मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे औषध घेणारी पॉझिटिव्ह बाई ही विंडो पिरियडमधल्या 'निगेटिव्ह' कार्डवाल्या बाईपेक्षा कितीतरी सुरक्षित. औषध सरकारी केंद्रात फुकट आहे. तिला हाकललं तर ती औषधाच्या केंद्रापासून लांब, दुसऱ्या गावाला, हायवेवर जाईल. काम थांबणार नाही, गोळ्या थांबतील. गनोरिया, सिफिलिस तर बरेच होतात, इंजेक्शनने, गोळ्यांनी. सरकारी क्लिनिकमध्ये रंगीत पाकिटं असतात, लक्षणानुसार राखाडी, हिरवं, पांढरं वगैरे, लक्षणं बघून त्यातलं पाकीट देतात.

"आणि फसवून आणलेल्या पोरींचं काय?"

या प्रश्नावर मी नरमते, कारण इथे मोकळं सोडा म्हणणारेही कधीकधी फार सहज पुढे जातात. अल्पवयीन मुलगी किंवा विकून आणलेली बाई, तिथे मर्जीचा प्रश्नच नाही, तो सरळ गुन्हा आहे आणि कडक राहायलाच हवा. पण कार्डाने ती सुटेल का? मालक तिला कार्ड काढायला नेणारच नाही, किंवा खोटं वय घालून नेईल, आणि मग तर सरकारचाच शिक्का बसला की ही एकोणीस वर्षांची आहे. पेठेत नवी पोरगी आली की सगळ्यात आधी कळतं शेजारच्या खोलीतल्या बायकांना, आणि त्या कोणाला सांगतील? ज्याच्याकडे गेलं की स्वतःलाच आत टाकतील अशा माणसाला नाही सांगणार.

यादीत नाव यायची भीती किती असते ते कोविडमध्ये दिसलं. धंदा बंद, खायला नाही, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ओळखीचा पुरावा न मागता यांना कोरडं रेशन द्या. महाराष्ट्र सरकारने तर महिना पाच हजार रुपये जाहीर केले होते. पैसे समोर असताना, पोट रिकामं असताना बाई विचार करते की या यादीत माझं नाव गेलं तर गावाकडे पोरीच्या लग्नात अडचण येईल का. आणि आपण म्हणतो बायका रांगेत उभ्या राहून आनंदाने लायसन काढतील.

टेस्ट कुठे होते, तेही सांगून ठेवते

पुण्यात ससून हॉस्पिटलला होते, बऱ्याच सरकारी दवाखान्यांत होते, एचआयव्हीची टेस्ट फुकट आहे, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, रिपोर्ट तुमच्या हातात देतात, घरी फोन करून सांगत नाहीत. काही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, तोही फुकट. शंका असेल तर एकदा करून थांबू नका, तीन महिन्यांनी परत करा, कारण वर सांगितलंय. आणि पुरुष गेले तरी चालतं, मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या लॅबमध्ये ही टेस्ट स्वतःहून मागायला येणारे पुरुष फार कमी, आणि आलेच तर काउंटरवर हळू आवाजात पहिलं वाक्य ठरलेलं, "मित्रासाठी विचारतोय."